बाजूला बसलेली

‘पाचवा दिस हाय की गं आज. आन् पोरगी अजून न्हाली न्हाय?’

शेजारच्या काकूंचा आवाज परसातून आला. त्यांच्या आणि आमच्या परसात फक्त कमरेएवढी दगडी भिंत आहे. मी मागच्या खोलीत दाराला पाठ लावून बसले होते. समोर वाकळेवर मावशी होती. तिला खोकला येऊ घातला होता. पदराचा बोळा तोंडात दाबून ती माझ्याकडं बघत होती, जणू तो खोकला थांबवणं माझ्या हातात होतं.

बाहेर आई धुणं पिळत होती. ‘न्हाय ना काकू,’ ती म्हणाली. ‘ह्या बारीला लई जातंय तिच्या अंगावरनं.’

‘जाणारच की. पुण्यात काय खात हुती, काय पित हुती, कुणाला ठावं. उष्णता पडली आसल. आन् तू गावाला गोळ्या वाटत हिंडती आशाताई, घरच्या लेकराला दी की एखादी.’

‘दिलीय.’

‘कंची? ती तांबडी? त्यानं काय हुतंय! थांब, म्या धने भिजू घालते.’

काकूंच्या बांगड्यांचा आवाज लांब गेला तेव्हा मावशीनं बोळा काढला आणि उशीत तोंड खुपसून खोकली. खूप वेळ खोकली. मग घाम पुसत, श्वास गोळा करत म्हणाली, ‘माझ्यापायी तुझी पाळी लांबली गं.’

मला पाळी आलेलीच नव्हती. तिला अजून दहा-बारा दिवस अवकाश होता.

तो दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. आमचं गाव जळकोटच्या जवळ, हायवे सोडून थोडं आत. आई गावाची आशा आहे. घरोघर जाऊन ताप मोजायचा, गोळ्या द्यायच्या, बाहेरगावाहून कोण आलं ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. लोक तिला नावानं हाक मारतच नाहीत, आशाताईच म्हणतात. वडील ट्रकवर असतात, ते तेव्हा दक्षिणेत कुठंतरी माल उतरायची वाट बघत अडकले होते. माझं कॉलेज पुण्याला, पण वर्ग मोबाइलवर चालू असल्यानं मी घरी होते. घरात आम्ही दोघीच.

पाचवीपासून मी सोलापूरला होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले. त्यामुळं घरातल्या बायकांचे शब्द मला उशिरा कळले. शाळेत आम्ही ‘पीरियड्स’ म्हणायचो, तेही कुजबुजत. सुट्टीत गावी आले की काकू आईला विचारायच्या, ‘पोरगी बाजूला बसती का न्हाय?’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेना, कशाच्या बाजूला?

आमच्याकडं बाजूला बसलेल्या बाईचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, वाकळ वेगळी. तिच्या ओंजळीत वरून पाणी ओततात. ती असते त्या खोलीत कुणी डोकावत नाही, गडीमाणसं तर नजरसुद्धा टाकत नाहीत. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती परत घरात येते. आई माझ्यासाठी यातलं काही पाळायची नाही. शाळेतल्या मुलींना पॅड वाटणं आणि ‘बाजूला बसू नका’ सांगणं हा तिच्या कामाचाच भाग होता. त्यावरून काकू तिला सोडायच्या नाहीत. ‘सगळ्या गावाला सुधारून ठिवलंस. आता देवाला बी येक गोळी दी.’

त्यामुळं मी बाजूला बसल्याचं आईनं पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा काकूंना आनंदच झाला. ‘आलं म्हणायचं वळण,’ त्या म्हणाल्या. ‘शिकली तरी पोर आपली हाय.’

मावशी भर दुपारी आली होती. उन्हात गल्ली झोपलेली होती. गावात यायच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून गावच्या करोना समितीची माणसं बसायची, म्हणून ती शेतातनं, ओढ्याच्या कडेनं, मागच्या दारानं आली. पुण्याच्या एका दवाखान्यात ती करोनाचा वॉर्ड पुसायचं काम करायची. खोलीमालकानं तिला जिना चढू दिला नाही. दोन रात्री तिनं दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढल्या आणि मग कांद्याच्या रिकाम्या गाडीत बसून सोलापूर, तिथून दुसऱ्या गाडीनं फाट्यापर्यंत. नवऱ्यानं टाकल्याला तिला बरीच वर्षं झाली होती. आईवडील नव्हते. तिला यायला जागा म्हणजे आमचं घर, एवढीच.

आईनं सवयीनं तापाचं यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं. आकडा बघितला. दुसऱ्या हातानं वही उघडली होती, ती तशीच मिटली.

‘ऊन लागलंय नुसतं,’ मावशी म्हणाली.

‘व्हय. ऊनच आसल,’ आई म्हणाली. तिला माहीत होतं की ऊन नाही.

याच्या आठच दिवस आधी वरच्या आळीतल्या एका घरानं मुंबईहून आलेला मुलगा न सांगता घरात ठेवला होता. ते आईनंच शोधून काढलं होतं. तो मुलगा झेडपीच्या शाळेत विलगीकरणात गेला, त्यांच्या दारासमोर फांद्या पडल्या, डेअरीवाल्यानं त्यांचं दूध घेणं बंद केलं. त्या घरातली म्हातारी दारात उभी राहून आईला म्हणाली होती, ‘आमच्या जागी तू आसती तर काय केलं आसतंस गं?’ घरी आल्यावर आईनं मला ते दोनदा सांगितलं. आपण बरोबर केलं असं मी म्हणावं, अशी तिची अपेक्षा होती. मी मान हलवली. मी तेव्हा बहुतेक गोष्टींवर मानच हलवायचे.

आता आई चुलीसमोर उकिडवी बसून विचार करत होती. मावशीला शाळेत ठेवलं तर तिथं एकटीला ठेवतील, एकच फुटका संडास, रात्री लाइट नाही. आणि आशाच्याच घरात पेशंट निघाला, आशानंच लपवलं, असं झालं तर तिला पुन्हा कुणी दार उघडणार नाही. मावशी म्हणत होती, ‘ताई, चौदा दिस हितंच पडून राहते. आवाज बी करत न्हाय. शाळेत नगं आन् दवाखान्यात तर नगंच. म्या बघितलंय तिथलं.’

‘खोलीत ताट नेताना दिसंल की. भिंतीवरनं सगळं दिसतंय काकूंना.’

मग आईनं माझ्याकडं बघितलं. ‘तू बाजूला बस,’ ती म्हणाली.

मला क्षणभर काही कळलं नाही. कळलं तेव्हा मी मान हलवली.

सोय चांगली होती. वेगळं ताट, बंद दार, बाहेर वेगळं धुणं, कुणी आत यायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. फक्त ती चार दिवसांची होती आणि आम्हाला चौदा दिवस हवे होते. पुढचं पुढं बघू, असं आई म्हणाली.

होस्टेलवर असताना मी जगबुडीनंतरच्या गोष्टींची इंग्रजी पुस्तकं एकामागून एक वाचायचे. शहरं ओस पडलेली, माणसं एकमेकांपासून लपलेली, आणि एखादी माझ्याच वयाची मुलगी कुलपं तोडून, भिंती चढून निघालेली. तिच्याजवळ कायम एखादं गुपित असायचं आणि त्या गुपितामुळं ती शूर वाटायची. आमच्या मागच्या खोलीत शूर वाटण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघी पत्र्याखाली घामानं भिजून बसायचो. मी तोंडाला दोन मास्क लावून दाराशी, ती खिडकीशी. खिडकी उघडायची नाही, कारण ती परसात उघडते. बोलायचं तर कुजबुजत, आणि दोघींतल्या एकीचाच आवाज बाहेर जायला हवा.

मावशी कुजबुजतही गमती सांगायची. वॉर्डात एक आजोबा होते, त्यांना डॉक्टर रोज ‘स्टेबल’ म्हणायचे. ते मावशीला विचारायचे, ‘बाई, मला टेबल टेबल करतात, आन् ठिवलंय तर खाटंवर.’ एकदा सांगता सांगता तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. त्या आजोबांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

मावशी आता नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण ती जगेल अशा आशेनं कुणी हे वाचावं असं मला वाटत नाही.

तिला शुगर होती. तीन वर्षं गोळी चालू होती. पिशवीत निघालेल्या पाकिटात एकच गोळी उरली होती. ती तिनं आली त्या दिवशी घेतली. गोळ्या उपकेंद्रात मिळाल्या असत्या, पण तिथं रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. कुणाचं लिहिणार? गावात शुगरची माणसं किती आणि कोण, हे आईला आणि सिस्टरला तोंडपाठ. आई म्हणाली, ‘भात देत न्हाय, गोड देत न्हाय, चौदा दिस निभंल.’ मावशीही म्हणाली, निभंल. मीही म्हणाले असेन.

आईकडं बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं. गावात फिरून आली की ती आधी ते स्पिरिटनं पुसायची, मग मावशीच्या बोटाला लावायची. पहिल्या दिवशी पंच्याण्णव. तिसऱ्या दिवशी त्र्याण्णव. गावातल्या लोकांचे आकडे मी आईच्या मोबाइलमधल्या अॅपवर भरायचे, कारण ते इंग्रजीत होतं आणि आईला त्याचा वैताग यायचा. चौऱ्याण्णवच्या खाली काही भरलं की तिथं लाल चौकट यायची आणि पेशंटला पुढं पाठवा असं लिहून यायचं. मावशीचा आकडा मी कुठंच भरला नाही. मनातल्या मनात मात्र रोज भरायचे आणि ती लाल चौकट बघायचे.

पाचव्या दिवशी काकूंनी भिंतीवरून धन्याचं पाणी दिलं. सहाव्या दिवशी पण दिलं आणि ‘माझ्या म्होरं पी’ असा हट्ट धरला. आईनं मला दारात यायला सांगितलं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. काकूंनी लांबून बघितलं. सहा दिवस नीट झोप नव्हती, उजेड नव्हता, त्यामुळं माझा चेहरा उतरलेला असणारच.

‘आगं माय, पांढरीफटक पडली की पोर,’ काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी नजर खाली गेली. काकूंना वाटलं मी लाजले.

आत मावशीचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता.

त्या संध्याकाळी आई तिच्या पायाशी बसून विनवत होती. ‘चल गं. म्या सांगते समितीला. जे व्हायचं ते हुईल.’ मावशी मानेनंच नको म्हणत होती. ‘तुझी भाकरी जाईल ताई. उद्यापस्तोर बघ.’ आई माझ्याकडं बघायची. मला बोलायचं होतं. मला त्या यंत्रातल्या आकड्याचा अर्थ दोघींपेक्षा जास्त माहीत होता, मी तो रोज इंग्रजीत वाचत होते. पण आई मोठी, मावशी मोठी, आणि दोघी माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होत्या. मी मावशीला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली, आणि कागदाच्या पंख्यानं वारा घालत राहिले. मला येत होतं ते एवढंच.

सातव्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. काकू स्वतः पोलीस पाटलांकडं जाऊन आल्या होत्या. मास्क म्हणून त्यांनी तोंडाला पदर गुंडाळला होता आणि पदराआडून त्या मोठमोठ्यानं सांगत होत्या, ‘म्या म्हणलं, करोनाचं लफडं न्हाय पाटील, बाईमाणसाचं हाय. सात दिस झाले, पोरगी वाळून चालली. आशा सगळ्या गावाचं बघती, तिच्या लेकराला गाडी न्हाय म्हणता व्हय?’ पाटलांनी लगेच पास दिला होता. जीप वरच्या आळीतल्या एका माणसाची होती. तो गाडीला टेकून खाली बघत उभा होता. त्याला कशासाठी जायचंय हे सांगितलेलं होतं, त्यामुळं तो वर बघत नव्हता.

आई आत आली. दार लावलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतके दिवस जे मागायची हिंमत नव्हती ते दारात येऊन उभं होतं, पण माझ्यासाठी.

त्या दहा मिनिटांत सगळं झालं. आईनं माझा निळा पंजाबी ड्रेस खुंटीवरून काढला. मावशी माझ्याएवढीच बारीक होती. सलवार घालताना तिला दोनदा बसावं लागलं. मी तिचे केस विंचरून वेणी घातली, कारण मी वेणी घालते आणि ती अंबाडा बांधायची. मग माझा स्कार्फ, कॉलेजच्या मुली गाडीवर बांधतात तसा, फक्त डोळे उघडे.

‘एकोणीस वर्साची झाले की म्या,’ मावशी म्हणाली. प्रत्येक शब्दाला श्वास लागत होता. ‘बघा, लगीन लावून देता का पुन्यांदा.’

आई रडत हसली. मग तिनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. ‘हे बघ. दवाखान्यात पोचंस्तोर तू ती. त्या डायवरसमोर बोलायचं न्हाय. तिथं गेल्यावर म्या सांगते सगळं. कळलं?’

मग माझ्याकडं वळून, ‘तू खोलीतनं हलायचं न्हाय. घराला म्होरनं कुलूप लावते. चूल पेटवू नको. कुणालाच दिसू नको. तू दवाखान्यात हाईस.’

मी दाराच्या फटीतून बघितलं. मावशी आईच्या खांद्यावर ओझं टाकून चालत होती. कमरेत वाकली होती, आणि पोट दुखणारी मुलगी तशीच चालेल असं कुणालाही वाटलं असतं. काकूंनी लांबूनच मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढली. माझं नाव घेऊन म्हणाल्या, ‘ये गं लवकर बरी हून.’ मावशीनं मान हलवली, अगदी मी हलवते तशी.

जीप गेली.

पुढचे दोन दिवस मी त्या खोलीत कडक भाकरी आणि शेंगदाणे खाल्ले. कुकर नाही, चूल नाही, नळाचं पाणीसुद्धा हळू सोडायचं. आमच्या घरात मोबाइलला रेंज धड येत नाही. फोन वाजतो, पण बोलायला गेलं की आवाज तुटतो. नीट बोलायचं तर परसात धुण्याच्या दगडाजवळ जावं लागतं. तिथं उभं राहिलं की काकूंच्या परसातून आणि गल्लीतून सरळ दिसतं.

आईचा फोन पहिल्या संध्याकाळी आला. तुकड्या-तुकड्यांतून जे कळलं ते असं. दवाखान्याच्या खिडकीवर तो जीपवाला तिच्या शेजारीच येऊन उभा राहिला. चांगल्या मनानं, मदतीला म्हणून. आत विचारलं, पेशंटचं नाव, वय. आईनं माझं नाव सांगितलं. वय एकोणीस. काही जुना आजार? आईनं नाही म्हणून सांगितलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला शुगर म्हटलं असतं तर त्यानं मान वळवून बघितलं असतं. मावशीला ऑक्सिजन लावून आत नेलं. नंतर एकट्या सिस्टरला गाठून नाव बदलून घ्यायचं असं आईनं ठरवलं होतं. पण त्यांनी तिचीही तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली, आणि तिला कोविड सेंटरच्या गाडीत बसवून दुसरीकडं पाठवलं. ‘उद्या सांगते,’ ती म्हणत होती. ‘चार्जर घरीच राहिला. कुणाचा तरी घेते. तू घाबरू नको. तुझा नंबर दिलाय तिथं.’

मी विचारलं, ‘मावशीनं सांगितलं का?’

‘मास्क लावलाय तोंडाला. आन् म्याच तिला सांगितलंय ना गं, बोलू नको म्हणून.’

त्यानंतर तिचा फोन बंद लागत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अनोळखी नंबर आला. मी उचलला. एक बाई बोलत होत्या, आवाज थकलेला पण नीट. त्यांनी माझं नाव घेतलं. म्हणाल्या, ‘...यांचे नातेवाईक का? पेशंटची शुगर खूप वर... वय एकोणीस लिहिलंय... आधी काही... गोळ्या चालू होत्या का? हॅलो?’

नंतर मी आईला, काकूंना, वडिलांना सांगितलं की रेंज गेली. आवाज तुटत होता हे खरं आहे, पण फोन मी कापला.

माझं नाव मी परक्याच्या तोंडून पेशंट म्हणून ऐकलं आणि बोट लाल बटणाकडं गेलं, एवढं आठवतं. डोक्यात आईची वाक्यं होती. कुणालाच दिसू नको. तू दवाखान्यात आहेस. बाहेर काकू खाटेवर धोतर पसरून कुरडया घालत होत्या. त्यांची जाऊ चीक ओतून देत होती आणि दोघी कुणाच्या तरी सुनेवर बोलत हसत होत्या. मी बाहेर गेले असते तर त्यांनी मला बघितलं असतं, आणि मग आईचं काम, आमचं दार, त्या वरच्या आळीतल्या म्हातारीचा प्रश्न, सगळं एकदम उघडं पडलं असतं. परत फोन करायला मोबाइल हातात घेतला. ठेवला. व्हॉट्सअॅपवर त्या नंबरला मेसेज लिहायला घेतला, इंग्रजीत, कारण अवघड गोष्टी मला इंग्रजीत लिहायला सोप्या जातात. तीन ओळी लिहिल्या. मेसेज गेलाच नाही, नुसतं गोल फिरत राहिलं.

दुसऱ्यांदा फोन वाजला तोवर बाहेर कुरडयांची एक अख्खी खाट भरली होती. म्हणजे अर्धा तास तरी. तो फोन मी नुसता बघत राहिले. वाजायचा थांबला. मी त्या खोलीत उभी होते, मावशीची वाकळ पायाशी तशीच होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती तिथं, तोंडाला मास्क लावून, अजून मीच होऊन पडलीय. आम्ही सांगितलं म्हणून. तिला कुणी येऊन आता बोल म्हणेपर्यंत ती बोलणार नाही.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मागच्या दाराची कडी काढली.

नऊ दिवसांनी ऊन अंगावर आलं. डोळे दिपले. धुण्याच्या दगडापर्यंत सात-आठ पावलं असतील. काकूंच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

‘आगं बया! तू?’ त्या म्हणाल्या. ‘तू तर दवाखान्यात...’ आणि मग जावेकडं वळून, ‘ही हितं हाय, मग जीपमंदी कोण गेलं गं?’

जाऊ भिंतीपासून दोन पावलं मागं सरकली. गल्लीतून जाणारा एक माणूस थांबला. मी मोबाइल कानाला लावला. मी हॅलो म्हणाले, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

‘हॅलो? कोण बोलतंय?’ तिकडून त्याच बाई. ‘मोठ्यानं बोला प्लीज, इथं मशीनचा आवाज आहे. पेशंटचे कोण तुम्ही?’

काकू माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडंच बघत, शाळेत प्रार्थना सांगायची वेळ आल्यावरही कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून म्हणाले,

‘तुमच्याकडं माझ्या नावानं जी आहे ती मी नाही. ती माझी मावशी आहे. छत्तीस वर्षांची, पुण्याहून आलेली. आम्ही तिला लपवलं होतं. तिला तीन वर्षं शुगर आहे आणि आठ दिवस गोळी मिळालेली नाही.’